तिसऱ्यांदा काठी हलवायची नाही

४ तारीख, सोमवार

पोचले एकदाची. नोकरी नवी, वही नवी, पायातले गमबूट तेवढे जुने. वही कोंबड्यांच्या खाद्याच्या कंपनीची आहे. वर एक कोंबडा छाती काढून असा उभा आहे, जणू कारखाना त्याच्याच नावावर. ती मला गाडीवाल्या मामांनी दिली. मामा म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत. पण ज्याच्या ट्रकमध्ये पोत्यांना टेकून अख्खी सकाळ काढली आणि ज्याच्या डब्यातला अर्धा भात खाल्ला, त्याला दुसरं काय म्हणणार? ही नोकरीही त्यांनीच सांगितली. म्हणाले, माणसं बरी आहेत, बोलतात कमी. तुझ्यासारखी बडबडी पोरगी आली तर कोंबड्यांनाही करमेल.

मावशी म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे. खरं आहे ते. बेकरी झाली, रोपवाटिका झाली, बंदरावर बोटीची तिकिटं फाडून झाली, डोंगरावरच्या हॉटेलात चादरी धुऊन झाल्या. शाळाही अशीच मधूनच सोडली. भूमितीत त्रिकोण आले आणि मी गेले. पण ते राहू दे.

जागा छान आहे. डांबरी रस्ता सोडून कच्ची वाट बराच वेळ आत येते, मग तारेचं कुंपण, फाटक, आणि फाटकातच चुन्याच्या पाण्याची उथळ टाकी. तिच्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. एक लांबलचक पत्र्याची शेड, बाजूंना वर-खाली होणारे पडदे. शेजारी मालकांचं घर, त्याला चिकटून माझी खोली: खाट, खिडकी, दोन खुंट्या. मागे धुराडं असलेली आणखी एक खोली आहे, तिथे काकूंचं काहीतरी चाललेलं असतं.

मालकांनी फाटकातच चपला काढून घेतल्या, फोनही घेतला. बाहेरचा रोग आत येतो म्हणे. दोन्ही पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. लॉट, म्हणजे पिल्लांची ही खेप, वाढून विकली गेली की परत. माझ्या खोलीबाहेर भिंतीला लागून गमबुटांची रांग आहे, सगळ्या मापांची. दोन माणसांच्या घरात एवढे गमबूट कशाला, असं मी विचारलं. मालक म्हणाले, माणसं येतात, जातात. मला पहिलाच जोड बसला.

आणि एक गंमत. काकूंनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, मला ना शिक्षण विचारलं ना अनुभव. म्हणाल्या, जरा नळापर्यंत चालून दाखव. घोडा विकत घेताना बघतात तसं कमरेवर हात ठेवून बघत होत्या. सायकलवरून पडल्यापासून माझा डावा गुडघा नाठाळ झालाय, पण मी दुखणं गिळून झोकात गेले आणि झोकात आले. काकू म्हणाल्या, चाल मोकळी आहे. मग म्हणाल्या, कुठंकुठं फिरलीस गं? मी सांगत गेले आणि त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. बोटीच्या डेकवर पाय कसे डगमगतात, हे तर दोनदा विचारलं. त्या स्वतः या कुंपणाबाहेर फारशा कधी गेल्याच नाहीत.

त्यांची चाल मात्र बघण्यासारखी आहे. साठीच्या बाई, केस पांढरेफेक, आणि चालतात विशीतल्या मुलीसारख्या, टाचा न टेकवता, तुरुतुरु. मालक काटकुळे, पण चालतात एखाद्या पैलवानासारखे, पाय फाकवून, डुलत डुलत. दोघं घाईत कोणाची तरी चाल घालून बाहेर पडल्यासारखी दिसतात. खोलीत येऊन मी एकटीच हसले.

५ तारीख, मंगळवार

आज काम शिकले. पिल्लं आठवडाभराची आहेत, पिवळा कापूस सांडल्यासारखी.

सकाळचं पहिलं काम उठवणी. एक काठी, तिच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. ती सळसळवत शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जायचं. पिल्लं उठतात, बाजूला होतात, खातात, पाणी पितात. नाही उठवली तर बसूनच राहतात आणि खालच्या तुसाच्या ओलीने छातीला फोड येतात. पण खरं काम वेगळंच असतं. कोण उठत नाही, ते बघायचं.

मांसासाठी वाढवतात त्या कोंबड्यांचं हे असंच, काकू म्हणाल्या. अंग पळतं पुढे, पाय राहतात मागे. हाडं कोवळी आणि वर एवढं धूड. मग सांधे जातात. जो उठत नाही त्याला इथे बसका म्हणतात.

बसक्यापाशी थांबायचं. पिशवी एकदा सळसळवायची. नाही उठला तर दुसऱ्यांदा. तरीही नाही, तर उचलून हातगाडीत घालायचा आणि मागच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवायचा. तिसऱ्यांदा काठी हलवायची नाही. मी विचारलं, का? काकू म्हणाल्या, तिसऱ्यांदा सगळेच उठतात, जिवाच्या भीतीने. मग पायात जोर कोणाच्या आहे आणि कोणाच्या नाही, ते कळत नाही.

मला पटलं. मग दिवसभर भांडी घासताना वाटत राहिलं, की भीतीने का होईना, उठला तर उठला ना.

७ तारीख, गुरुवार

आज मालक बोलले. म्हणजे चक्क पाच-सहा वाक्यं. विषय पायांची पावडर.

इतर ठिकाणी कंपनीचे डबे आणतात. कॅल्शियम असतं, जीवनसत्त्व असतं, कुठल्या कुठल्या कूर्चेचा अर्क असतो, आणि डब्यावर धावणाऱ्या कोंबडीचं चित्र. मालक म्हणतात, त्यातला निम्मा नुसता खडू. आमची पावडर घरची. रोज सकाळी पांढऱ्या डब्यातली मापभर पाण्याच्या टाकीत ढवळायची, ती नळीतून सगळ्यांना जाते. काकू मागच्या खोलीत ती स्वतः करतात. बसक्यांचे पाय उकडून, वाळवून, चक्कीत दळून. जे एकाच्या पायाला पुरलं नाही ते दुसऱ्याच्या पायाला लावायचं. वाया काही घालवायचं नाही.

ऐकून हातातलं माप खाली ठेवलं, पण मग मी ज्या बेकरीत होते तिथे शिळ्या पावाचं काय व्हायचं ते आठवलं आणि पुन्हा उचललं. शिवाय पिल्लांचे पाय खरंच कणखर आहेत. बसके अगदी थोडे निघतात.

एक पिल्लू मला ओळखायला लागलंय. गमबुटावर चढून बसतं. मी तिचं नाव लंगडी ठेवलंय, कारण ती खेळातल्यासारखी एका पायावर उभी राहते. काकू म्हणाल्या, नावं ठेवू नकोस. उगाच जीव अडकतो.

११ तारीख, सोमवार

गुडघा ठणकतोय. पोती उचलली की आत काहीतरी कट् करतं. अजून कोणाला कळू दिलेलं नाही.

आईचे गुडघे गेले तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. मग खुर्ची आणि खिडकी. गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, एवढंच तिचं जग उरलं. मी घरी आले की म्हणायची, आज कुठवर गेलीस ते सांग. मी वाढवून वाढवून सांगायची, तेवढीच तिला हवा. शेवटपर्यंत ती त्या खुर्चीतच होती. मला भुताखेतांची भीती वाटत नाही, अंधाराची नाही, सापाचीही नाही. त्या खुर्चीची वाटते. सायकलवरून पडल्यावर डॉक्टरने मला सहा महिने एका जागी बसायला सांगितलं तेव्हा मी त्याच संध्याकाळी बॅग भरली होती.

आज स्वयंपाकघरात एक बघितलं. ओट्यावर पितळी झाकणाचा दुसरा डबा असतो. काकू त्यातली चमचाभर पावडर गरम पाण्यात घालतात, आधी मालकांना देतात, मग स्वतः घेतात. पांढऱ्या डब्यातलीपेक्षा ही जरा पिवळसर. मी विचारलं तर म्हणाल्या, आमची वयं झाली, आम्हालाही पाय आहेतच की.

काकू शेडकडे गेल्यावर मी चमचाभर घेतली. चव काहीच नाही. खिडकीवरची धूळ चाटल्यासारखी.

१३ तारीख, बुधवार

गुडघा गेला कुठे, असं विचारायची वेळ आलीये. म्हणजे दुखणं गेलं. आज पाण्याच्या टाकीवर शिडीने चढले, उतरले, पुन्हा उगाचच चढले. वरून डांबरी रस्त्याची काळी रेघ दिसते. मनात आलं, इथून सुटले की बंदरावर जायचं, आणि या वेळी तिकिटं फाडायला नाही, तिकीट काढून बसायला.

लंगडी मात्र आज उठली नाही. एकदा सळसळवली, मान वर केली. दुसऱ्यांदा, पंख फडफडवले, पाय तसेच. काकू शेडच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मी तिसऱ्यांदा हलवली. नुसती नाही, जोरात. धडपडत का होईना, पण उठली.

मग तिला खोलीमागे टोपलीत लपवली आणि पितळी झाकणाच्या डब्यातली चिमूटभर पाण्यातून पाजली. जिने मला उभं केलं ती तिला का नाही करणार?

१७ तारीख, रविवार

काकूंना कळलंय. डब्याचं झाकण मी उलटं लावलं होतं. वाटलं, आता फाटकाबाहेर. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चोरून कशाला घेतेस, आम्ही देतोच सगळ्यांना. दुसऱ्या आठवड्यात आपणहून देणारच होते. आता रोज सकाळी तीन पेले होतात.

मग पदराला हात पुसत म्हणाल्या, पाय सांभाळ हो पोरी. जग बघितलेले पाय आहेत ते.

इतकं मायेने मला बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. हे लिहितानाही बरं वाटतंय.

१९ तारीख, मंगळवार

लंगडी बरी झाली. टोपलीतून आपणच बाहेर येते. पण तिचं काहीतरी वेगळं आहे.

एक म्हणजे ती बसत नाही. बाकीची दुपारी पडदे खाली केले की तुसात पसरतात, ही उभी. दुसरं म्हणजे ती चालते कशी. कोंबडी मान पुढे टाकते, मग पाऊल टाकते. ही मान हलवतच नाही. ताठ येते. आणि दर पावलाला उजवा पाय जरासा बाहेर फेकते, वाटेतला खडा उडवल्यासारखा. चार पावलं, मग थांबते, मग पुन्हा.

आज माझ्या दारात येऊन उभी होती. मी दार लावून घेतलं. का लावलं कोण जाणे, कोंबडीच ती.

२२ तारीख, शुक्रवार

मामांची गाडी आली. इतक्या दिवसांनी तिसरं माणूस बघून मी त्यांच्याशी इतकी बोलले की ते म्हणाले, श्वास घे बाई, मी काही पळून जात नाही. पोती उतरवताना लंगडी समोरून गेली. मामा आधी बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. म्हणाले, अरे, ही तर हुबेहूब खडेउडव्यासारखी चालते.

खडेउडव्या म्हणजे माझ्या आधी इथे काम करायचा तो. चांगला तिशीचा माणूस, उजवा पाय असा बाहेर फेकत चालायचा, म्हणून मामांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. मागच्या लॉटच्या शेवटी न सांगता गेला म्हणे. मामा म्हणाले, गेला तो गेला, मला एक हाक मारून नाही गेला, एवढं कशावर रुसला होता काय माहीत.

मीही हसले. मग पोतं घेऊन खाद्याच्या खोलीकडे निघाले, तर मागून मामा पुन्हा हसायला लागले. म्हणाले, आणि तू गं? तूही त्याच्यासारखीच पाय टाकायला लागलीस की. गमबूट त्याचे घातलेस म्हणून चालही त्याचीच घेतलीस काय?

मी खाली बघितलं. मग मला हसू आलं नाही.

मामा जाताना म्हणाले, पोती पुरतील, आता नव्या लॉटलाच येणं होईल. येतेस तर चल. मी क्षणभर ट्रकच्या दाराला हात लावला होता, खरंच. पण एवढीशी गोष्ट, मामा चेष्टेखोर, गुडघा ठणठणीत. आणि आजवर मी एकही काम पुरं केलेलं नाही. वाटलं, हा एक लॉट तरी शेवटपर्यंत नेऊ.

धूळ खाली बसेपर्यंत फाटकात उभी होते.

२४ तारीख, रविवार

चुन्याच्या टाकीतून बाहेर आले की सिमेंटवर पांढरे ठसे उमटतात. आज मुद्दाम सरळ चालायचं ठरवून चालले. डावे ठसे सरळ. उजवे सगळे बाहेर वळलेले, टाचेपाशी घसटलेले. पुन्हा टाकीत गेले, पुन्हा आले. तेच.

मग काकू आल्या. टाचा न टेकवता, तुरुतुरु. त्यांच्या ठशांना टाचाच नाहीत.

दुपारी मालकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की काकू पहिल्यापासूनच अशा चालतात का? ते पंख्याचा पट्टा बसवत होते. मान वर न करता म्हणाले, छे, मूळची तिची चाल जड. आली तेव्हा पाय ओढायची. ही चाल एका पोरीची, नाचायची बघ ती, उत्साही होती. पण आता ही पण जुनी झाली. थकली. खडेउडव्याची काही तिच्या अंगी लागेना.

असं म्हणाले, आणि मग पाना मागितला. मी दिला.

२६ तारीख, मंगळवार

दोन्ही डबे नाहीत. टाकीवरचा पांढराही नाही, ओट्यावरचाही नाही.

काकू म्हणाल्या, रविवारी उचल आहे. दुपारी गाड्या येतील. उचलीच्या आधी पावडर बंद करावीच लागते. नाहीतर माल उभा राहतो, पळतो, पकडणाऱ्यांच्या हाती लागत नाही. बंद केली की आपोआप बसतो. मग कसा अलगद उचलता येतो.

मी म्हटलं, पण आपली? आपली कशाला बंद?

काकू माझ्याकडे बघून हसल्या. डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या हाताला त्या पिवळ्या पावडरीचा वास होता. त्यांनी आज घेतली होती.

संध्याकाळपर्यंत अर्धी शेड बसली.

२७ तारीख, बुधवार

गुडघा परत आला. दोन्ही. उजवा कधीच दुखत नव्हता, तोही.

बसके इतके झाले की हातगाडी तीनदा भरली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आत चक्की नुसतीच फिरत होती, काकू शेडमध्ये होत्या. मी आत गेले.

जाळीचे ट्रे. त्यात कोंबड्यांच्या सांध्यांची पांढरी बटणं वाळत घातलेली. शेवटचा ट्रे वेगळा, वर फडकं. फडक्याखाली लांब हाडांचे तुकडे होते. आणि एक वाटी. गुडघ्याची वाटी. कोंबडीच्या गुडघ्याला एवढी वाटी नसते. मी ती उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवली. का ठेवली माहीत नाही, हातांनीच ठेवली. बरोबर बसली.

ट्रेखाली पितळी झाकणाचा डबा होता. रिकामा, धुऊन पालथा घातलेला. नवीन भरायच्या आधी धुतात तसा.

आता कळतंय. पावडरीत नुसता जोर नसतो. ज्याचे पाय त्याची चाल येते तिच्यातून. मालकांची कोणाची, काकूंची कोणाची. माझ्यात खडेउडव्या चालतोय, मीच त्याला चमच्याने

उद्या पहाटेच निघते. फोन राहिला तर राहिला.

२८ तारीख, गुरुवार

फाटकापर्यंत गेले. कुंपणाबाहेरही गेले. कच्च्या वाटेवर पहिल्या वळणापर्यंत. मग पाय सुटले. मोडले नाहीत, दुखलेही नाहीत, नुसते गेले. मातीत बसले. रस्त्याची रेघ दिसत होती. एक मोटार गेली. हाक मारली. तिच्या काचा बंद होत्या.

चाकाचा आवाज आला. मालक. हातगाडी घेऊन. म्हणाले, अगं सांगायचं नाही का, एवढं चालायचं असतं का आता? मला उचलून आत ठेवलं, डोकं लागू नये म्हणून खाली पोतं घातलं. वाटभर पैलवानासारखे डुलत आले. हातगाडीत तूस होतं, पिसं होती.

शेडसमोरून जाताना लंगडी दिसली. बसली होती. पहिल्यांदाच. माझ्याकडे बघत होती.

२९ तारीख, शुक्रवार

खिडकीशी खुर्ची आणून ठेवलीये त्यांनी. मला तीत बसवलंय. बाहेर शेडची भिंत दिसते. बाकी काही नाही.

काकू जेवण घेऊन येतात. स्वतःच्या हाताने भरवतात. मग समोर उभ्या राहून विचारतात. बंदरावर जायला कुठे उतरायचं? बोट सुटताना कठड्याला धरायचं का? डोंगरावरच्या त्या हॉटेलला पायऱ्या किती उंच? मी सांगत नाही. तरी त्या विचारतात, मग स्वतःच म्हणतात, असू दे. पायांना माहीत असेल.

आईसारखंच विचारतात. अगदी तसंच.

३० तारीख, शनिवार

काकूंनी लुगडं काढून ठेवलंय. बाहेर जायचं. बॅग पण. माझीच बॅग.

सकाळी उठवणी खिडकीतून ऐकली. शेडचा पडदा वर होता, आतलं दिसत होतं. लंगडीपाशी काकू थांबल्या. एकदा. दुसऱ्यांदा. मी ओरडले, तिसऱ्यांदा हलवा — एकदा तरी. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

हात चालतात अजून. लिहिता येतं. खाटेला धरून उठायचा प्रयत्न. दिवसभर. गुडघे पिठासारखे. परत. परत.

गाड्या उद्या दुपारी. माणसं येतील. पकडणारी, बरीच असतात. खिडकीतून ओरडायचं. तोवर काढायचं. फक्त दुपारपर्यंत —

पण उठवणी सकाळी असते.

३१ तारीख

उजाडलं. शेडमध्ये आवाज नाही. सगळी बसलीत.

उभी राहिले तर नेणार नाहीत. नियम आहे. जो उठतो त्याला नेत नाहीत. खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरल्यात. वही मांडीवर. मधे मधे लिहिते, म्हणजे दाराकडे बघत बसावं लागत नाही.

पिशवी. घराच्या दाराशी. सळसळ.

टाचा वाजत नाहीत. मागून हातगाडीचं चाक.

माझ्या दारात. काकू. काठी. चेहरा काही वाईट नाही, रोजचाच. माझ्या पायांकडे बघतायत —

एकदा.

उठतेय. कंबर सुटली खुर्चीतून, थोडी, आई गं, थोडी —

पडले परत.

दुसऱ्यांदा.

नाही. पाय नाहीत. काठी खाली ठेवली त्यांनी. काकू, उचला ती. एकदा हलवा ना, तिसऱ्यांदा सगळेच उठतात, तुम्हीच म्हणालात, तिसऱ्यांदा मी उठे